पिवळी पिशवी

शुद्धीवर येण्याचा प्रश्नच नव्हता, मी शुद्धीतच होते.
कमरेत सुई, कमरेखाली कोणीच नाही,
आणि हिरव्या पडद्यापलीकडे सुतारकाम.
करवत. मग हातोडी. मग डॉक्टर पंड्यांचा आवाज:
"चार नंबर मोटो पडे छे, त्रण आपो."
चपलांच्या दुकानात बसल्यासारखी मी
पाय पुढे करून पडून.

तिसऱ्या दिवशी ते राउंडला आले तेव्हा विचारलं,
जुना कुठाय?
त्यांना कळेना.
जुना गुडघा, साहेब. तुम्ही काढलात तो.
हसले. मग मी हसत नाही असं बघून म्हणाले,
पिवळी पिशवी असते, बेन. गाडी येते.
गावाबाहेर भट्टी आहे.

बरं.

तर पिशवीत काय गेलं ते मीच लिहून ठेवते,
पावती कोणी दिली नाही म्हणून.

नवापुऱ्यातल्या आखाड्यामागचं मैदान,
चुन्याची रेघ, आणि रेघेवर आम्ही आठजणी उकिडव्या,
एकीचं तोंड विहिरीकडे, दुसरीचं रस्त्याकडे,
टाच उचललेली, बोटं मातीत,
श्वास छातीत नाही, गुडघ्यात धरलेला.
पाठीवर थाप, कानात "खो",
की ठरवायला वेळच नसे,
उठायचं ठरण्याआधी गुडघा उठलेला असे.
शरयू माने खो द्यायची ती असा,
की रात्री आई पोलकं काढून
पाच बोटं मोजायची.

अडुसष्ट साली सुरतच्या पोरींविरुद्ध
सूर मारताना एक खडा आत गेला, तो निघालाच नाही.
त्याचा निळा ठिपका अजून आहे,
एकतीस पिनांच्या रांगेला चिकटून.
कातडी माझीच ठेवलीय.

एक्स-रे दाखवताना डॉक्टरांनी पेन टेकवलं होतं:
दोन हाडांमधली ही फट, इथून उजेड दिसायला हवा.
दिसत नव्हता.
अकरा वर्षं जातं फिरत होतं, आत दाणा नसताना.
पंगतीला सगळे पाटावर, मी खुर्चीवर,
अध्यक्षासारखी.

फिजिओथेरपीला धारा येते. तेवीस वर्षांची.
कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ घेऊन
गुडघ्याला लावते, वाकून वाचते:
"पंचोतेर, बा. नेवुं थाय एटले घेर."
नव्वद अंश झाले की घरी.
शाळेत पीटी शिकवताना मी किती जणींना
अजून वाक, अजून वाक म्हणाले असेन
त्या सगळ्या तिच्या हातातून परतफेड करतात.

पहिल्यांदा उभं राहायचं त्या सकाळी
समोर वॉकर, आणि तिचा तळहात माझ्या पाठीवर
नेमका शरयूच्या जागेवर.
"ऊभा थाओ, बा."
मी उठले नाही. थाप बरोबर होती, शब्द चुकला होता.
खो म्हण, म्हटलं.
"शुं?"
खो.
तिने इकडेतिकडे बघितलं, नर्स नाहीसं पाहून
हळूच, प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली, "खो?"

मी उठले.
वीसेक सेकंद लागले.
तेवढ्यात पळणारी पोरगी
मैदान सोडून स्टेशनवर जाऊन गाडीत बसली असती.

आता दांडिया बाजारला, घरी.
रात्री दहाला आमचे हे सवयीने वाटीत तेल गरम करतात,
आणि पलंगाशी येऊन थबकतात.
उजव्याला तेल चालत नाही.
उजव्याची बाहेरची बाजू तर बधिर आहे, तळहाताएवढी,
तिथे हात कोणाचा तेही मला कळत नाही.
अकरा वर्षं रोज दहा ते सव्वादहा
या माणसाने त्या हाडाशी काय बोलणं केलं असेल,
ते पिशवीत गेलं की नाही, मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

डावा आहे अजून, मी म्हणते.
ते बसतात. वाटी पलंगाच्या कडेला ठेवतात.
डाव्यातली फटही मिटत आलीय,
वर्षभरात बघू, असं कागदावर आहे.
हे अंगठ्याने वाटीभोवती गोल गोल चोळत राहतात,
आणि आम्ही दुधाच्या हिशोबाचं बोलतो, पाण्याच्या मोटरचं बोलतो.
पिशवीचा विषय
त्याच्यासमोर काढत नाही.