मागची बाकडी

बाकडी काढताना गंजल्या नटांनी
तासभर हुज्जत घातली.
सियागंजातून आणलेलं प्लाय
दोन बोटं जास्त निघालं,
परत सुताराकडे.

शेगडी मागच्या दारात.
सिलिंडर छोटा, पाच किलोचा,
पट्ट्यानं आवळलेला; तरी शरयू म्हणाली,
"खणाच्या तळाला भोक ठेवा, गॅस खाली साचतो."
पाण्याचा कॅन बसला, पोह्यांचा डबा बसला,
जिरावनची बाटली मात्र कुठेच मावेना.
इंदूर सोडायचं, आणि जिरावन नाही?
शेवटी ड्रायव्हरच्या दारात,
गाडीच्या कागदांशेजारी.

एकवीस वर्षं हिच्यात पोरं कोंबली मी,
छावणी ते पलासिया,
दप्तरावर दप्तर.
बाकड्याखाली निघाला एक मोजा,
शार्पनरची पाती,
आणि डब्यातला चमचा,
दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं 'मृ'.
मृण्मयी, की ती रडकी मृदुला?
चमचा घासून खणात ठेवला.

सिमरोल ओलांडून, घाटाच्या अलीकडे
गाडी बाजूला घेतली.
पहिला चहा. धूर फार, आलं कमी.
साखरेत तोच चमचा घालून
शरयूनं विचारलं, "किती?"

आणि मी, सवयीनं,
मागे वळून
मोजायला लागलो.