दात

कुडचड्याच्या शेडमध्ये, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
पोतं उलटं करून कार्डं ओतली की
आग्नेल मेस्त म्हणायचा,
वयलें नांव सोड. नांव फट मारता.
पयलीं दांत पळय.

बैल पारखतात तसं.
एका बाजूला एकतीस सोनेरी दात:
आठ बिटांचं, म्हातारं.
एकतीस, मग फट, मग आणखी अठरा:
त्याच्यामागून आलेलं, सोळाचं.
बारीक, दाटीवाटीचे असले की पीसीआय.
आणि एकाआड एक खालीवर उगवलेले,
ते एजीपी, पोरगेलं,
त्याला अजून गिऱ्हाईक होतं.

मग कार्ड फिरवून पत्र्याची बाजू.
पंचवीस भोकं, तर प्रिंटर.
पंचवीस काटे, तर मोडेम.
गोल, दोन कानांचं, ते नेटवर्क.
पंधरा भोकं तीन ओळींत, रंगीत पडदा;
पंधराच, पण दोन ओळींत,
तर साहेब ऑफिसात बसून
विमानं पाडत होता.
इथे तो दरवेळी हसायचा.

खाण बंद पडून गेली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी
कंपनीनं चौदा पोती काढली.
बेळगावचा मकानदार किलोवर घेतो.
त्याला ओळखपाळख नको,
पत्र्याच्या कात्रीनं
दातांची कड तेवढी छाटतो, सोन्यासाठी.
उरलेलं मग कुणाचंही असू शकतं.

तेराव्या पोत्यात एक निघालं.
दात एकतीस. इथवर ठीक.
पत्र्यावर भोकं सदतीस.
दोनदा मोजली, सुईच्या टोकानं.
पाठीवर हातानं डागलेली पिवळी वायर,
नाव नाहीच.

आग्नेल आता मुलीकडे, लिस्बनला.
फोनवर म्हणाला, सदतीस?
मग बराच वेळ नुसता खोकला.
भोकांनी तांबडी माती आसा?

आहे.

मागीर तें कांट्याचें.

भोकांचं कार्ड, काट्याचं.
म्हणजे भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
वजाबाकी, पावती, पुढचा.
दादाचा टिपर दिवसाला अकरा वेळा
या सदतीस भोकांतून गेला असणार,
दादासकट; कारण भरताना तो आत बसलेला,
रिकामं करतानाही.

मकानदार कात्री घेऊन उभा.
म्हटलं, हे राहू दे.
राहू द्या की, तो म्हणाला,
एका कार्डाचं वजन ते किती.

संध्याकाळी जुना टूथब्रश घेऊन बसलो.
माती काढावी की नाही,
तेवढंच ठरेना.