शनिवारचा भाव

पाटीवर लिहिलंय : गनर अँड कंपनी, कॅबिनेट मेकर.
गनर म्हणजे मी, गुणाजी. वेंगुर्ल्याचा.
कंपनी म्हणजे नोरा.
ती रात्री माझ्यासोबत काचकागद मारते
आणि शिव्या आयरिशमध्ये घालते,
लंडनच्या देवाला त्या कळत नाहीत असं तिचं म्हणणं.

शोरडिचला तिसऱ्या मजल्यावर कारखाना.
कपाट आधी खिडकीतून दोरानं उतरतं,
मग आम्ही जिन्यानं.

जहाजावर सुतार होतो. एका जानेवारीत
जहाज गेलं, मी पॉपलरच्या इस्पितळात तापानं फणफणत राहिलो.
एवढीच माझी विलायतेची कहाणी.
कुणी बिअर पाजली तर जरा लांबवून सांगतो.

लाकूड सोमवारी उधार.
शुक्रवारी रात्री सरस वाळेपर्यंत झोप नाही.
शनिवारी कपाट हातगाडीला आवळायचं
आणि कर्टन रोडवर दुकानादुकानाच्या दारात उभं राहायचं,
उपवर मुलीच्या बापासारखं.
दोन वाजता भाव तीन पौंड.
चार वाजता अडीच.
गॅसचे दिवे लागले की दुकानदार बाहेर येतो,
खण ओढतो, ढकलतो, पुन्हा ओढतो,
म्हणतो, नेणार का परत तीन मजले वर?
एक पौंड पंधरा.
त्यातून लाकूडवाला, मेणबत्त्या, भाडं.
उरल्यात नोरा बटाटे आणते
आणि मी हिशेबाची वही उलटी ठेवतो.

पॉलिशला लेझर. विल्नाहून पळून आलेला, नखं कायमची तपकिरी.
चपड्याची पिशवी उघडताना म्हणाला, हा बघ, खास परदेशी माल.
पिशवीवर छाप मिर्झापूरचा.
मी म्हटलं, अरे, किड्याची थुंकी आहे ती.
तो म्हणाला, चकाकणारं सगळं कुणाची तरी थुंकीच असतं,
आणि बोळा फिरवत राहिला.

मार्चमध्ये एक पेन्शनर साहेब गाडी घेऊन आला.
गाडीत शिसवी देव्हारा, घोंगडीत गुंडाळलेला.
आत सिगारचे कप्पे पाडा.
वरचं टोक कापा, फडताळात मावत नाही.

रात्री दिवा जवळ घेऊन पाहिला.
आमच्या गावचा नव्हता.
माझ्या बापाच्या हातचा तर नव्हताच, असलं काही घडत नसतं.
पण महिरपीवरच्या वेलीचा एकेक काप
उलट्या अंगानं शिरलेला.
डावखुरा होता कुणीतरी.
आणि खालच्या पानावर, जिथे कुणी वाकून बघणार नाही,
पटाशी घसरलेली.
सरसात भुसा कालवून त्यानं ते बुजवलं होतं.
मीही तसंच बुजवतो.
नोरालासुद्धा माहीत नाही.

कळस कापला.
खोटं कशाला बोलू, एका दमात कापला.
शिसव करवतीला सहज जात नाही,
दोनदा दातांना धार लावली.
सिडारचे कप्पे, पितळी बिजागऱ्या, सात शिलिंग.
लेझर पॉलिशला बसला तेव्हा सांगितलं,
खालचं ते एक पान सोड.
का?
अजून वाळलं नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं,
आणि बोळा तेवढ्यापुरता उचलून पुढे नेला.

कळस महिनाभर बाकाखाली पडून होता.
नोरा म्हणायची, चुलीत घाल, बोटं गारठलीत माझी.
मी म्हणायचो, धूर फार होतो त्याचा.
देव जाणे होतो की नाही.

आज गाडी आवळताना चाक डगमगायला लागलं.
आसात फट. पाचरेला तुकडा सापडेना,
मग बाकाखाली हात गेला.
दोन टोल्यांत तासला, तीन टोल्यांत बसला.
चाक कुरकुरलं नाही.

पाऊस भुरभुरतोय, मेणकापड नीट ओढून घे, नोरा.
दोनचे ठोके पडतायत.
तीन पौंड.