मिरची बसली

कागदावर तिचं नाव डायना, सेवा क्रमांक सतरा.
मी मिरची म्हणतो. भिवापूरच्या बाजारात
पोत्यात तोंड घालून एकदा इतकी शिंकली
की साहेबांनी दोन दिवस रजा दिली. तिला. मला नाही.

आमचं काम म्हणजे काही न सापडणं.
स्टेशन, इतवारी, सीताबर्डीचा मेट्रोचा जिना,
दीक्षाभूमीवर लाखो पावलं यायच्या आधीची पहाट.
सात वर्षं रजिस्टरात एकच ओळ, शाई तेवढी वेगवेगळी :
संशयास्पद काही आढळले नाही.

कुत्र्याला पटत नाही असली नोकरी.
महिनाभर काही मिळालं नाही
की नाक नुसतं फिरतं, शोधत नाही,
आपल्यासारखं होतं.
म्हणून दर गुरुवारी स्टोअरमध्ये सही करून
सुपारीएवढा तुकडा आणतो,
पार्सल ऑफिसात संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांमागे लपवतो.
ती शोधते, समोर बसते, मी चेंडू टाकतो.
टेनिसचा, हिरवा, एका बाजूनं टक्कल पडलेला.
जगातल्या सगळ्या बारुदीच्या शेवटी
तो चेंडू आहे, एवढंच तिला माहीत.

मे महिना. दुपारचे अडीच.
फलाटाला पालथा हात टेकवला, तीनपर्यंत मोजवेना.
बाटलीनं पाणी शिंपडत सावलीसावलीनं नेली तिला.
गोंदियाच्या गाडीला अवकाश होता.
नळाजवळ एक बाई, मांडीशी साडीच्या दुकानाची पिशवी,
तोंडाला सुतळी.
मिरची पुढे गेली. थांबली. मागे आली.
बसली.

ती भुंकत नाही. बसते, आणि माझ्याकडे बघते.

गुरुवार नव्हता.

मग शिट्ट्या, दोरी, रिकामा फलाट,
चहावाल्याचा स्टोव्ह तसाच फुरफुरत राहिलेला.
डेकाटेनं तो चिलखती सूट चढवला,
शेहेचाळीस डिग्रीत, गुडघ्यांवर,
एकेक पीळ सोडवत सुतळी उकलली.
निळा शर्ट. निळी पँट. खिशावर शिवलेलं नाव :
देवचंद पंधरे.
खाली स्टीलचा डबा, खर्र्याची अर्धी पुडी.
बस.

बाई म्हणाली, पोराचा आहे जी.
खाणीसाठी कांड्या भरायचा कारखान्यात.
दोन महिने झाले. अंगावरचा जोड तर...
हा पेटीत राहिला होता, आज दिला त्याहीनं.
धुतला नाही म्या. वास जाईल न.

डेकाटे घाम पुसत कपडे घडी करू लागला.
होती तशी घडी त्याला जमेना.
राहू द्या म्हणाली, मीच करतो.

दोरीपलीकडे मिरची अजून बसलेली.
जीभ बाहेर, नजर माझ्या उजव्या खिशावर.
नियम असा, की खरं ओळखलं तर बक्षीस द्यायचंच.
नाही दिलं तर पुढच्या वेळी ती विचार करेल,
आणि विचार करणारं कुत्रं आमच्या कामाचं नाही.
तिचं चुकलं नव्हतं.
माझा हात खिशात, मुठीत चेंडू,
आणि समोर ती बाई बाहीवर बाही ठेवत.

थे काय मांगून राहिली?
चेंडू, मी म्हणालो. काही सापडलं की देतो.
बाईनं मिरचीकडे पाहिलं. बराच वेळ.
मंग देऊन टाक न बाप्पा.
तिनं ओरखलं त्याले.

चेंडू फलाटावर तीनदा उडाला.
मिरचीच्या नखांचा आवाज,
वर लाउडस्पीकरवर कुठल्यातरी गाडीची दिलगिरी.
बाईनं सुतळीला गाठ मारली, मग आणखी एक.

कापसाचा बोळा लॅबला गेला.
आठवड्यानं उत्तर आलं, अंश आढळले.
कारकून म्हणतो, शेरा लिही, खोटा इशारा, विषय संपव.
पेन त्याचंच घेतलं होतं,
ते अजून माझ्याकडे आहे.