एकेचाळीस दाणे

पुंता अरेनासमध्ये डिसेंबरात
रात्र अकरानंतर येते,
आणि घाईतल्या पाहुणीसारखी दारातूनच बोलून जाते.
नेवेंकाने खिडकीवर घोंगडी ठोकली आहे, चार खिळ्यांनी.
फटीतला वारा ती फुगवतो, सोडतो.
पलंगावर एवारिस्तोची छाती
फुगते, बसते,
फुगते, बसते,
आणि मग काहीच नाही.

आठ. नऊ. दहा. अकरा.
डॉक्टर मिलालोंकोंनी सांगितलं होतं,
दहाच्या आत श्वास परतला तर सोडून द्या,
पुढे गेला की खूण करा.
अंधारात लिहायचं कसं,
म्हणून उशाशी घेवड्याची पिशवी आणि पत्र्याचं वाडगं.
टण्ण.
बाविसाव्या आकड्याला तो घुसमटून उठतो,
विहिरीतून हिसका देऊन ओढलेल्या बादलीसारखा,
डावा हात हवेत, उजवा ठेवला होता तिथेच,
आणि म्हणतो, "पान."

पान म्हणजे पाव.
झटक्याने बाकीचे शब्द नेले, हा एक राहिला.
शेहेचाळीस वर्षं पहाटे तीनला उठून
त्याने या गावाला पाव पुरवला,
मेंदूने पळापळीत
हाताला लागलं ते उचललं असणार.
पाणी हवं, पान. लघवीला जायचंय, पान.
भीती वाटते,
पान, पान.

शेजारच्या ओल्गाने आपल्या गोळ्या आणल्या,
अर्धी दे म्हणाली, वासरासारखा झोपेल.
डॉक्टर हसल्या नाहीत.
ही गोळी श्वासालाही झोपवते, म्हणाल्या,
आणि रात्री उठलाच तर त्याचा उजवा पाय
आधीच अर्धा झोपेत आहे.
नेवेंकाने गोळ्या परत केल्या.
ओल्गा तीन दिवस बोलली नाही.

दिवसा वेगळीच तऱ्हा.
चमचा तोंडाकडे जाता जाता तो पेंगतो.
व्यायाम शिकवणारा पोरगा म्हणाला, आजोबा आळशी झाले.
आळशी!
नेवेंकाच्या जिभेवर आजोबांची
जुनी क्रोएशियन शिवी आली, ती तिने गिळली,
आणि सकाळी वाडगंच उचलून बसने हॉस्पिटलात नेलं,
टेबलावर ओतलं.
डॉक्टरांनी बोटाने पाच-पाच वेगळे केले.
एकेचाळीस.
शेवटचा एक उरला,
तो बराच वेळ चिमटीत धरून बसल्या.

मग एक रात्र अंगभर तारा. मग यादी, सही, पुन्हा यादी.
मार्चमध्ये यंत्र आलं, पावाच्या लादीएवढं,
नळी आणि मुखवटा.
हवा आत ढकलायची, गळा मिटू द्यायचा नाही,
एवढंच त्याचं काम.
पण एवारिस्तोचा ओठ उजवीकडे ओघळलेला,
तिथून हवा फुस्स करून सुटते,
आणि पट्टा एका हाताने लागत नाही.
पहिल्या रात्री त्याने मुखवटा उपटून फेकला.
दुसऱ्याही.
तिसऱ्या रात्री तिने तो स्वतःच्या तोंडाला लावला
आणि आतून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पान."
तो हसला. डावीकडून.
ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

रोज सकाळी सातला, झोप झालेली असो नसो,
घोंगडी बाजूला, खुर्ची खिडकीशी,
तोंडावर सामुद्रधुनीचा करडा उजेड.
दुपारी वीस मिनिटं, गजर लावून.
हात सुधारेल?
बघू, म्हणाल्या डॉक्टर.
शब्द?
त्यांनी कागद उगाच सरळ केले.

एप्रिलात एका रात्री तीन वाजले.
खाली जावयाने भट्टी पेटवली,
पहिल्या लादीचा वास जिना चढून
उशीपर्यंत आला, मुखवट्याशी थांबला.
एवारिस्तो उठला नाही.
छाती फुगते, बसते,
फुगते, बसते.
नेवेंका जागी,
चिमटीत एक दाणा, केव्हाचा,
हाताच्या उबेने गरम झालेला,
वाडग्यावर धरलेला.