दोन कण, एक रकाना

मे महिन्यात दुपारी तीनला
काचेच्या पट्टीला व्हॅसलीन फासून
कोराडीतल्या गच्चीवर, टाकीच्या झाकणावर ठेवते.
सहाला पट्टी राखाडी.
मग डोळा भिंगाला, बोट रजिस्टरवर :
गोल, पोकळ, काळा, फुटका.

बारापात्रे सर म्हणायचे,
धुराचं काय, वारा वळला की तो वळतो,
शेजारचा धूर शेजारीच राहतो.
खरी मजा जडाची.
जडाला वळायला उशीर लागतो.
भोवरा त्याला अर्धा फेरा फिरवतो
आणि गोफणीतून सोडतो.
म्हणून भोवऱ्याचं पोट रिकामं,
आणि दोन भोवऱ्यांमधल्या बोळात
ही चेंगराचेंगरी.

मी विचारलं, इतके जवळ आले
तर वेगही सारखे होत असतील ना?

सर फुटाणे खात होते.
दोन्ही हातांतून एकेक उडवला,
हवेत टक्कन आपटले.
"काहून होतील?
जागा एकच, मान्य.
पण हा इथल्या चिमणीतून आला, तो खापरखेड्याहून.
वजन असलं की मागचा वारा अंगात राहते, बाई."
खाली पडलेले फुटाणे त्यांनी वेचून खाल्ले.

सर वारले त्याला चार वर्षं झाली.

परवा कस्तुरचंद पार्कच्या कडेला वावटळ उठली.
पन्नीच्या पिशव्या गोल गोल, उंच,
आणि मुरमाचे खडे मात्र
सरळ माझ्या पोटरीवर.
डोळे चोळून बघते तर समोर नंदा उईके.
याच गच्चीवर आम्ही दोघी मोजायचो.
सातशे बारा मोजले होते,
वरून फोन आला, मी तीनशे लिहिले.
तिने पेन खाली ठेवलं आणि जिना उतरली.

आता मधे वीतभर हवा.
ती थांबली नाही, मीही पूर्ण थांबले नाही,
खांद्याला खांदा लागला.
"अजून तिथंच?" तिनं विचारलं.
मी हो म्हणेपर्यंत
ती रस्त्याच्या पलीकडे.

आज पट्टीवर दोन कण
एकमेकांत रुतलेले दिसले,
एक काळा, एक पोकळ, पोकळाला तडा.
एक धरू की दोन?
रजिस्टरात त्याला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं
सातशे बारा लिहिलं,
आणि पट्टी पुसली नाही.