शून्यानंतरचा नियम

पहिल्या आराखड्यात प्रत्येक खलाशाला मी वीस जीव दिले.
वीसच, कारण चौकटीच्या वहीत
एका ओळीत तेवढेच चौकोन मावत होते.
लाट अंगावर आली: तीन खोडा.
विंचच्या दोरात बोट सापडलं: पाच.
आणि खाली, अधोरेखित:
रात्रभर झोप मिळाली तर सगळे परत.

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
थर्माकोलची पेटी पालथी घालून खेळायला बसलो.
फासे लुडोच्या डबीतले, एकाचा सहा पुसट.
तृप्ती तारी तांडेल, मुनाफ इंजिनावर,
आणि रात्रपाळीचे वॉचमन हरचंद्र कुबल,
ज्यांना खेळायचं नव्हतं, फक्त चहा हवा होता.

त्यांनी नियम ऐकला, बशी खाली ठेवली.
"निजलो म्हणान बरो जालो?"
उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं,
आकड्यासारखं वळलेलं.
"तेरा वर्सां निजवतंय ह्याका."

दुसऱ्या आराखड्यात झोप काढून टाकली.
डिझेल आलं, खाऱ्या पाण्याचे चट्टे आले,
ताप, उलट्या, बोटांची शुद्ध, असे चौदा रकाने.
मुनाफ म्हणाला, हे सोसायटीचं रजिस्टर आहे.
चाळीस मिनिटांत सगळे मेले.
वाईट वाटलं नाही कुणालाच.
तृप्ती म्हणाली, सगळंच मारणारं असलं
की भीती जाते, मग नुसता फासा टाकायचा.

तिसऱ्यात एकच बरणी ठेवली, लोणच्याची, धुतलेली.
आत चिंचोके. तेच पिण्याचं पाणी, सगळ्यांचं मिळून.
दर रात्री ज्याला हवा त्याने एक उचलायचा.
किती उरले ते फक्त तांडेलाने पाहायचं
आणि खरं सांगायचं की नाही, तेही तिनेच ठरवायचं.
त्या रात्री टेबल गप्प झालं.
म्हणजे पेटी.
तृप्ती "आहेत, आहेत" म्हणत राहिली
आणि मुनाफने स्वतःचा चिंचोका
हळूच तिच्या बाजूला सरकवला.
असा नियम मी लिहिलेला नव्हता.

राहिलं शून्य.
शून्यावर मी लिहिलं होतं: मृत. नवा खलाशी बनवा.
हरचंद्रांनी ते दोनदा वाचायला लावलं.
"दर्यात कोण मरणा नाय.
येणा नाय, इतक्याच."
थोरल्या भावाचं नाव रेशनकार्डावर
सात वर्षं होतं, म्हणाले.
त्याच्या वाट्याची साखर यायची.
चहात पडायची.

म्हणून आता असं आहे:
शून्यावर गेलेल्याचं कार्ड पालथं घाला.
दर रात्री त्याचा चिंचोका बाजूला काढा, सात फेऱ्या.
मधेच थांबवता येईल,
पण थांबवणाऱ्याने तसं मोठ्याने म्हणायचं.

काल मुनाफ चौथ्या रात्री गेला.
बरणीत तीन उरले होते, हे मला दिसत होतं.
तृप्तीने एक काढून ठेवला. मग आणखी एक.
तहानेचा फासा दोनदा हरली, तोंड उघडलं,
पुन्हा मिटलं.

चारला बर्फाचा क्रशर सुरू झाला.
पेटी बांगड्याला हवी होती.
चिंचोके ओंजळीत गोळा करताना
हरचंद्रांनी विचारलं, "सातच कित्याक?"
मी म्हटलं, कायदा तसा आहे.
"ती सात वर्सां सरकारची," ते म्हणाले.
"आवशीची नाय."

नियमावली टाइप होऊन आलीय.
तेवढा एक आकडा
मी अजून पेन्सिलीतच ठेवलाय.